घोडीच्या जखमेवरचे इंजेक्शन आणि शर्यतीनंतरचा नमुना: प्रयोगशाळा उपचार आणि उत्तेजक यांत फरक कसा करते?

कृष्णाकाठ (चिकोडी तालुका)

नमस्कार. आपल्या सीमाभागातील वाचकांत पशुवैद्यक आहेत, रसायनशास्त्राचे जाणकार आहेत आणि घोडी बाळगणारी घराणीही आहेत, म्हणून हा प्रश्न येथे मांडतो. आमच्या कृष्णाकाठाला घोडा नवा नाही. माउलींच्या पालखी सोहळ्यातील अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांकडून आळंदीला जातात आणि त्यांच्या प्रस्थानाच्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहून हात जोडण्यातच आमचे बालपण गेले. त्याच ओढीने माझा धाकटा चुलतभाऊ घराबाहेर पडला. गेली बारा वर्षे तो दक्षिणेतील एका रेसकोर्सवर मोतद्दार आहे.

मागच्या हंगामात त्याच्याकडे असलेल्या घोडीच्या पुढच्या पायाला पागेतील पत्रा लागून जखम झाली. डॉक्टरांनी पाच दिवस पेनिसिलिनची इंजेक्शने दिली. जखम भरून आली, घोडी पुन्हा सरावाला लागली आणि शेवटच्या इंजेक्शननंतर दहाव्या दिवशी शर्यत जिंकली. काही आठवड्यांनी अहवाल आला, की तिच्या लघवीत प्रोकेन नावाचे द्रव्य सापडले आहे. विजय रद्द झाला, ट्रेनरना दंड झाला आणि भावाला दोन दिवस चौकशीसाठी बसवून ठेवले. उपचाराच्या वहीत त्या पाच दिवसांसमोर फक्त ‘अँटिबायोटिक’ एवढाच शब्द लिहिलेला होता. भाऊ सध्या गावी आला आहे. जेवताना मध्येच थांबतो आणि म्हणतो, “दादा, मी तिच्या चंदीत हरभरा, हुलगे आणि मीठ यांखेरीज काही घातले नाही.”

माझी विचारणा अशी की, जे औषध जंतू मारण्यासाठी दिले त्यात उत्तेजक आले कोठून? दहा दिवसांनंतरही ते अंगात कसे उरले? पाय दुखू नये म्हणून कोणी मुद्दाम दिलेले आणि जखमेसाठी दिलेले, यांतला फरक प्रयोगशाळेला ओळखता येतो का? दुसरी बाटली तपासून घेण्याचा हक्क असतो असे ऐकले, त्याचा काही उपयोग होईल का? आणखी एक गोष्ट म्हणजे, आमच्या गावच्या यात्रेत होणाऱ्या घोडागाडी शर्यतीलाही अशी तपासणी लावावी असे समितीतील काही तरुणांचे म्हणणे आहे. ते शक्य आहे का, हेही कळले तर बरे होईल.

पशुवैद्यक, निपाणी

आपल्या भावाची अवस्था मी समजू शकतो, कारण असा प्रसंग प्रामाणिक माणसावरही येतो आणि तो नेमका याच औषधामुळे येतो. बाजारात जे पेनिसिलिन स्नायूत देण्यासाठी मिळते त्यातील पुष्कळसे ‘प्रोकेन पेनिसिलिन’ असते. पेनिसिलिन एकटे दिले तर ते काही तासांत लघवीवाटे निघून जाते. प्रोकेनशी जोडले की ते स्नायूत साठून राहते, हळूहळू रक्तात उतरते आणि टोचतानाची वेदनाही कमी होते. दुकानात, दवाखान्यात आणि पागेत मात्र सगळे त्याला नुसते ‘पेनिसिलिन’ म्हणतात, आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे.

प्रोकेन हे जागा बधिर करणारे औषध आहे. शिवाय घोड्याच्या मेंदूवर त्याचा परिणाम माणसापेक्षा वेगळा होतो. तो अस्वस्थ आणि उत्तेजित होतो. लंगडणाऱ्या घोड्याच्या पायातील नस बधिर केली तर त्याला दुखणे जाणवत नाही, तो पूर्ण भार टाकून धावतो आणि ज्या हाडाला बारीक तडा गेलेला असतो ते भर वेगात मोडते. त्या क्षणी त्याच्या पाठीवर जॉकी असतो आणि मागून सात-आठ घोडी येत असतात. म्हणूनच अनेक देशांच्या रेसिंग नियमांत जंतुनाशक औषधांना सूट देताना ‘प्रोकेन पेनिसिलिन वगळून’ असे स्पष्ट लिहिलेले असते. पेनिसिलिनला कोणाचीच हरकत नाही. त्याच्यासोबत येणाऱ्या सोबत्याला आहे.

दहा दिवसांचे म्हणाल तर मला त्यात आश्चर्य वाटत नाही. रक्तात उतरलेले प्रोकेन लवकर मोडते हे खरे, पण स्नायूतील साठा रोज थोडेथोडे नवे प्रोकेन सोडत राहतो. सलग पाच दिवस डोस झाले असतील, आणि तेही एकाच जागी टोचले असतील, तर लघवीत दोन आठवड्यांपर्यंत त्याचा अंश मिळू शकतो. लघवीचा आम्ल-अल्क गुणही येथे महत्त्वाचा ठरतो. घोड्याची लघवी बहुधा अल्कधर्मी असते आणि तिच्यातून प्रोकेनसारखी अल्कधर्मी द्रव्ये कमी बाहेर पडतात; कष्टानंतर ती आम्लतेकडे झुकली की त्यांचे प्रमाण वाढते. त्यामुळे एकाच दिवशी एकच औषध दिलेल्या दोन घोड्यांचे अहवाल वेगवेगळे येऊ शकतात.

आम्हा डॉक्टरांच्याही हातून येथे एक चूक होते, ती मोकळेपणाने सांगतो. औषध किती दिवस ‘सापडते’ आणि शर्यतीपूर्वी किती दिवस ते ‘बंद ठेवावे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या यादीत फिनाइलब्युटाझोन या वेदनाशामकाचा आढळकाळ 168 तास आणि फ्लुनिक्सिन या दुसऱ्या वेदनाशामकाचा 144 तास दिलेला आहे. पण हे आकडे मोजक्या निरोगी घोड्यांना ठरावीक डोस देऊन काढलेले असतात. आपल्यासमोरचा घोडा जाड असेल, आजारी असेल, डोस जास्त झाला असेल, तर त्या आकड्यावर स्वतःच्या जबाबदारीने आणखी दिवस वाढवावे लागतात. यादीतला आकडा उचलून ‘आता पळवा’ म्हणणे म्हणजे तापाच्या गोळीचे पाकीट वाचून रोग्याला घरी पाठवणे होय.

निवृत्त रसायनतज्ज्ञ, टिळकवाडी, बेळगाव

डॉक्टरसाहेबांनी औषधाचे सांगितले. मी बाटलीचे सांगतो, कारण माझे आयुष्य विश्लेषणाच्या टेबलाशी गेले.

शर्यत संपली की विजेता घोडा आणि स्ट्युअर्ड (शर्यतीवर देखरेख ठेवणारे अधिकारी) सांगतील ते इतर घोडे नमुन्याच्या खोलीत नेतात. तेथे नवी वैरण अंथरलेली असते, मोतद्दार हळू शीळ घालत उभा राहतो आणि घोडा लघवी करेपर्यंत वाट पाहिली जाते. झालीच नाही तर रक्त घेतात. नमुना दोन भागांत विभागून, मोतद्दाराच्या किंवा ट्रेनरच्या प्रतिनिधीच्या डोळ्यांदेखत सील होतो, बाटलीवर घोड्याचे नाव नसते, केवळ संकेतांक असतो, आणि कागदावर प्रतिनिधीची सही घेतात. प्रयोगशाळेतील माणसाला तो नमुना कोणत्या घोडीचा, कोणत्या पागेचा, हे ठाऊक नसते. आपल्या भावाने सही केली असेल तर सीलचा क्रमांक त्याने पाहिला होता का, हे त्याला आवर्जून विचारा.

प्रयोगशाळेत पहिली फेरी चाळणीची असते. लघवीत औषध बहुधा शरीरातील साखरेच्या एका रूपाशी जोडलेले असते; विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने ते सोडवून घेतात, मग घनस्तंभातून गाळून शुद्ध करतात आणि द्रव क्रोमॅटोग्राफीला, म्हणजे स्तंभातून जाताना द्रव्ये एकमेकांपासून वेगळी करणाऱ्या पद्धतीला, जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडतात. हे यंत्र रेणूचे तुकडे करून त्यांचे वजन मोजते. एकाच फेरीत शेकडो द्रव्यांचा शोध घेतला जातो. चाळणीत काही संशयास्पद दिसले तरी त्यावर कोणालाही दोषी धरत नाहीत. त्याच बाटलीतून नवा भाग काढून खात्रीची चाचणी करतात, आणि त्यासोबत तीन गोष्टी चालवतात: काहीही न घातलेली लघवी, प्रोकेन मुद्दाम घातलेली लघवी आणि शुद्ध प्रोकेन. संशयित रेणू स्तंभातून शुद्ध प्रोकेनच्याच वेळेला बाहेर पडला पाहिजे, त्याचे तुकडे त्याच वजनांचे झाले पाहिजेत आणि त्या तुकड्यांचे परस्पर प्रमाणही जुळले पाहिजे. कोऱ्या नमुन्यात काही दिसता कामा नये, नाहीतर आधीच्या नमुन्याचा अंश यंत्रात राहिल्याचा संशय येतो. मी स्वतः घोड्यांचे नमुने हाताळलेले नाहीत, पण या पद्धतीने केलेली ओळख चुकणे फार कठीण असते, हे माझ्या अनुभवावरून सांगतो.

यंत्राची सूक्ष्मता कळावी म्हणून एक हिशेब देतो. एका मिलिलिटरमध्ये एक नॅनोग्रॅम म्हणजे दहा हजार लिटरचे शंभर टँकर पाण्याने भरून त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम मीठ टाकणे. आजची यंत्रे याच्याही हजारपट खाली, पिकोग्रॅमपर्यंत पाहतात. 2021 च्या अमेरिकेतील केंटकी डर्बी शर्यतीत मेडिना स्पिरिट हा घोडा पहिला आला. त्याच्या रक्तात बीटामेथासोन हे सूज कमी करणारे स्टेरॉइड मिलिलिटरला 21 पिकोग्रॅम सापडले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये विजय रद्द झाला. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच प्रकरणात आहे. द्रव्य त्वचेवरच्या मलमातून आले, सांध्यातील इंजेक्शनमधून नव्हे, असे घोड्याच्या बाजूचे म्हणणे होते आणि मलमात असणारे त्या औषधाचे रूप लघवीत सापडल्याचा अहवालही त्यांनी मांडला. म्हणजे रसायनशास्त्र कधीकधी ‘कोठून आले’ हेही सांगू शकते. नियम मात्र ‘होते की नव्हते’ एवढेच विचारत होता.

प्रोकेनच्या बाबतीत प्रयोगशाळा नमुन्यात पेनिसिलिनही शोधू शकते. दोन्ही सापडली तर उपचाराच्या दाव्याला बळ मिळते. पेनिसिलिन न सापडल्याने दावा खोटा ठरत नाही, कारण दोन्हींचा शरीरातून निघून जाण्याचा वेग सारखा नाही. पाय बधिर करण्यासाठी दिले की जखमेसाठी, हे मात्र बाटली सांगणार नाही. ते वही सांगते. ‘अँटिबायोटिक’ या एका शब्दाऐवजी औषधाचे पूर्ण नाव, डोस, टोचल्याची जागा आणि तारीख लिहिली असती तर चौकशीचा रोख पहिल्या तासातच वेगळा झाला असता.

दुसरी बाटली तपासून घ्यावी का? सीलबद्दल किंवा अदलाबदलीबद्दल शंका असेल तर अवश्य. परंतु इंजेक्शने दिली होती हे सगळ्यांनाच मान्य असताना ती बाटलीही प्रोकेनच दाखवील, हे मनाशी धरून चाला.

तंबाखू उत्पादक, निपाणी भाग

वरील चर्चा वाचून मनात एक शंका आली. आमच्या घरी दोन घोडी आहेत आणि ज्या हातांनी आम्ही तंबाखू हाताळतो त्याच हातांनी चंदी कालवतो. अशा पद्धतीने घोड्याच्या अंगात निकोटिन जाऊ शकते का? आणि वैरणीतून काही गेले तर त्यालाही डोपिंगच म्हणायचे का?

पशुवैद्यक, निपाणी

जाऊ शकते, आणि ही शंका अगदी रास्त आहे. निकोटिन हे उत्तेजक आहे. आपल्या भागात ज्या खोलीत तंबाखूची बोदे रचलेली असतात तिच्यातच चंदीची पोतीही ठेवलेली मी पाहिली आहेत. शर्यतीचा घोडा बाळगणाऱ्याने ही खोली आजच वेगळी करावी आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चंदीला लावू नयेत.

वैरणीतून येणाऱ्या द्रव्यांची यादी मोठी आहे. खाद्याच्या गोणीत कोको बियांची टरफले मिसळली गेली तर थिओब्रोमिन येते, चहा-कॉफीतून कॅफिन, खसखशीच्या झाडातून मॉर्फिन आणि धोतऱ्यातून अॅट्रोपिन व स्कोपोलामिन. बांधावरचा धोतरा कडब्याच्या पेंढीत कापला जाणे आपल्याकडे सहज घडते. घोड्याला त्याने पोटशूळही होतो, तेव्हा तो केवळ अहवालापुरता प्रश्न नाही. 2014 मध्ये इंग्लंडच्या राणीची एस्टिमेट ही घोडी अॅस्कॉट गोल्ड कपमध्ये दुसरी आली होती. तिच्या नमुन्यात मॉर्फिन सापडले, ते दूषित खाद्यातून आल्याचे निष्पन्न झाले, तरीही तिचे दुसरे स्थान गेले. हेतू नसेल तर शिक्षा सौम्य होते किंवा टळते, पण शर्यतीचा निकाल बदलतो.

जी द्रव्ये निसर्गतःच अंगात किंवा वैरणीत असतात त्यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत मर्यादा ठरवून दिल्या आहेत. लसूणघासात सॅलिसिलेट असतेच, म्हणून लघवीत मिलिलिटरला 750 मायक्रोग्रॅमपर्यंत सॅलिसिलिक आम्ल चालते. आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते: औषध घेतलेला घोडा लघवीने भिजलेले गवत पुन्हा खातो आणि फ्लुनिक्सिनसारखे औषध त्याच्या पोटात पुन्हा जाते. म्हणून उपचार चालू असताना अंथरूण रोज पूर्ण बदलावे. मोतद्दारांनी पागेत लघवी करू नये असा कडक नियम असतो त्याचेही कारण हेच. माणसाने घेतलेले औषध त्या वाटेने घोड्यापर्यंत पोहोचते.

रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, खानापूर

आदरणीय सर, माझा प्रश्न असा की चाळणीत शेकडो द्रव्ये शोधतात, पण जे द्रव्य यादीतच नाही ते कसे सापडणार? नवे औषध वापरणारा मनुष्य नेहमीच एक पाऊल पुढे राहणार नाही का?

निवृत्त रसायनतज्ज्ञ, टिळकवाडी, बेळगाव

काही काळ राहतो, हे खरे आहे. 2012 मध्ये अमेरिकेच्या काही राज्यांत डर्मॉर्फिन वापरले जात असल्याचे उघडकीस आले. हे दक्षिण अमेरिकेतील एका बेडकाच्या त्वचेत सापडणारे, मॉर्फिनहून कित्येक पटींनी प्रभावी असे वेदनाशामक. कुजबुज कानावर येत होती, पण नमुने स्वच्छ निघत होते. डेन्व्हरच्या एका प्रयोगशाळेने चाचणीची पद्धत बदलली आणि एकापाठोपाठ एक अशा तीसहून अधिक घोड्यांत ते सापडले. तेव्हापासून मला पटले आहे की या क्षेत्रातील खरे संशोधन यंत्राच्या किमतीत नसून कुजबुज ऐकून प्रश्न बदलण्यात आहे.

त्यावर तीन मार्ग निघाले आहेत. पहिला म्हणजे उच्च विभेदनाचे (वजनातला अगदी बारीक फरकही टिपणारे) मास स्पेक्ट्रोमीटर, जे ठरावीक द्रव्ये शोधण्याऐवजी नमुन्यातील सगळ्या रेणूंची नोंद साठवून ठेवते; उद्या नव्या औषधाची माहिती मिळाली की कालची नोंद पुन्हा चाळता येते. गोठवून ठेवलेला नमुनाही असाच उपयोगी पडतो. दुसरा मार्ग केसांचा. आयाळीचा केस महिन्याला साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर वाढतो, म्हणून लांब केसाचे तुकडे करून तपासले तर कोणत्या सुमारास औषध दिले गेले त्याचा अंदाज येतो. लघवीतून केव्हाच निघून गेलेले अॅनाबॉलिक (स्नायू वाढवणारे) स्टेरॉइड तेथे सापडू शकते. तिसऱ्यात द्रव्य न शोधता त्याची खूण शोधतात: एकाच घोड्याचे संप्रेरक आणि रक्तघटक वेळोवेळी मोजून त्याचे स्वतःचे प्रमाण ठरवायचे आणि ते अचानक ढळले तर चौकशी करायची.

खायच्या सोड्याचे उदाहरण मला फार बोलके वाटते. धावताना स्नायूत साठणारे आम्ल मारण्यासाठी नाकातून नळी घालून सोड्याचे पाणी पोटात सोडण्याची वाईट प्रथा अनेक देशांत होती. सोडा तर शरीरात असतोच, मग ओळखायचा कसा? रक्तरसातील कार्बन डायऑक्साइड मोजून. मर्यादा लिटरला 36 मिलिमोल. कोबाल्टचेही तसेच. ते ब-12 जीवनसत्त्वात असते, पण मोठ्या मात्रेत दिले की शरीराला प्राणवायू कमी असल्याचा भास होऊन तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरक जागे होते. म्हणून लघवीत मिलिलिटरला 0.1 मायक्रोग्रॅम ही सीमा घातली गेली. आपल्याकडे ‘शक्तीचे सलाइन’ म्हणून जे सर्रास चढवतात त्यात काय असते, हे चढवणाऱ्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते.

पशुवैद्यक, निपाणी

यात्रेच्या शर्यतीचा प्रश्न राहिला होता. समितीतील तरुणांची भावना मला मनापासून आवडली, पण नुसती बाटली भरून कोठेतरी पाठवण्याला काही अर्थ नाही. ज्या नमुन्याला सील नाही, साक्षीदार नाही, शीतपेटी नाही आणि दुसरा भाग राखून ठेवलेला नाही, त्याच्या अहवालावर कोणालाही दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. त्याआधी शर्यतीला कायद्याचा आधार आहे का ते पाहावे. 18 मे 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कर्नाटक आणि महाराष्ट्राच्या ज्या दुरुस्त्या ग्राह्य धरल्या त्या कंबळा (रेड्यांची शर्यत) आणि बैलांच्या शर्यतींबाबतच्या आहेत. घोडागाडीला तोच आधार आहे असे गृहीत धरू नये. परवानगीबाबत प्रशासनाकडून लेखी उत्तर घ्यावे. परवानगी असो वा नसो, जनावराला मुद्दाम घातक द्रव्य देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हाच आहे.

यात्रेत खरोखर करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे धावण्यापूर्वी प्रत्येक घोड्याची डॉक्टरकडून तपासणी. विश्रांतीत घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला 28 ते 40 पडतात. शांत उभा असताना ते साठ-सत्तर पडत असतील, बाहुल्या विस्फारलेल्या असतील, मानेवर ताज्या सुईची खूण असेल किंवा कठीण जमिनीवर चालवताना तो पाय वाचवत असेल, तर त्याला त्या दिवशी जुंपू नये. एवढे करण्याची समितीची तयारी असेल तर मी विनामूल्य येईन.

कृष्णाकाठ (चिकोडी तालुका)

आपण सर्वांनी दिलेल्या वेळाबद्दल ऋणी आहे. काल रात्री भावाला हे सगळे वाचून दाखवले. सीलचा क्रमांक त्याने स्वतः पाहून सही केली होती, त्यामुळे दुसऱ्या बाटलीचा आग्रह आम्ही धरणार नाही. त्याला एक गोष्ट मात्र आठवली: पाचही इंजेक्शने मानेच्या डाव्या बाजूलाच दिली होती आणि तेथे बरेच दिवस गाठ होती, तिला तो रोज शेकत असे. औषधाच्या दुकानाचे बिल ट्रेनरच्या कचेरीत आहे. त्यावर औषधाचे पूर्ण नाव असणार. त्या बिलाची प्रत आणि गाठीविषयीचा त्याचा लेखी जबाब जोडून चौकशी समितीकडे अर्ज करायचे ठरले आहे. मजकूर मराठीत लिहून झाला आहे, इंग्रजी करून देण्याचे आमच्या गावच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे. डॉक्टरसाहेब, यात्रा समितीची बैठक येत्या रविवारी मारुतीच्या देवळात आहे. आपण याल तर निपाणीहून आणण्यासाठी गाडी पाठवतो.